डाळिंबाच्या क्रेटचा ओटा

मंडळी, आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. लोणी देवकरच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. तपासून बघितल्याशिवाय मला काही पटत नाही. तेव्हा कमेंटमध्ये लिंबू-मिरचीचे सल्ले देऊ नका.

भवानीनगरजवळ आमच्या नव्या घराचं काम चाललं होतं. मला स्वयंपाकघरात मधोमध ओटा हवा होता, किचन आयलंड म्हणतात तो. हौस म्हणून नाही. आपण भिंतीकडं तोंड करून पोळ्या लाटायच्या आणि बाकीच्यांनी पाठीमागं गप्पा मारायच्या, हे मला जन्मभर करायचं नव्हतं. सासरे, म्हणजे तात्या, म्हणाले, घराच्या मधे ओटा म्हणजे वाटेत म्हैस बांधल्यासारखं. नवरा संतोष नेहमीप्रमाणे दोघांनाही "बरोबर आहे" म्हणून मोकळा.

मी हट्टाला पेटले. जायला-यायला जागा किती उरते ते कळावं म्हणून शेतातले डाळिंबाचे रिकामे क्रेट आणून मधोमध रचले, वर प्लायवुड टाकलं.

त्या दुपारी आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत टाइल्स निवडत होतो... आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज आला. थाप, थाप, मग जरा थांबून एक हलकी थाप. घरात ना पीठ, ना परात! आत गेलो तर कोणी नाही. संतोष म्हणाला, पाण्याच्या मोटरनं क्रेट हादरत असतील. मी मोटर बंद केली. आवाज आलाच. क्रेट सरकवून भिंतीला लावले, तर थांबला. परत मधे आणले, तर सुरू. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा राग जास्त आला. एवढं भांडून मिळवलेली जागा, आता ही कोण आडवी येतेय?

संतोषनं घाबरून वास्तूवाल्याला फोन लावला. मधला ओटा रद्द करा, असं त्यानं सांगितलं. मी म्हटलं, नाही करणार. ज्याला अडचण असेल त्यानं समोर येऊन बोलावं.

तेवढ्यात तात्या आले. यांना आता आयतंच कारण मिळालं, असं मनात आलं. पण ते दारातच थांबले आणि आवाज ऐकत राहिले.

"तुझी सासू हाय ही," म्हणाले.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. मी विचारलं, तुम्ही कशावरून म्हणता?

"आवाजावरनं. चुलीपशी बसायची, तोंड भिंतीकडं. मी मागं जेवाय बसायचो. जलमभर तिची पाठच बघितली, पोरी."

मग त्यांनी एक क्रेट पालथा घातला, प्लायवुडच्या समोर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हितंच बांधा," एवढंच म्हणाले.

ओटा तिथंच आहे, काळ्या ग्रॅनाइटचा. अजूनही एखाद्या दुपारी थाप ऐकू येते, आणि तात्या हातातलं काम टाकून समोर जाऊन बसतात. का, कसं... मला आजही माहीत नाही. पाहुणे म्हणतात, शांती करून घ्या. सगळ्यांना एकच सांगते. त्या बाईचं तोंड आता कुठं माणसांकडं झालंय. तिला परत भिंतीकडं वळवणारी कसलीही शांती माझ्या घरात होणार नाही.