पेटी झुलता कामा नये

कॅप्टन घाटोळे उजव्या हाताने वरिष्ठांना कडक सलाम ठोकत, तेव्हा डाव्या हाताची बोटं पँटच्या शिवणीवर तबला वाजवत असत. मी त्यांच्या हाताखाली पुरवठा डेपोत कारकून होतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, साहेबांना कंपवात आहे! मग कळलं, सक्करदऱ्याचा हा माणूस तरुणपणी एका नाटक मंडळीत तबलजी होता. मंडळी मोडली, पोट उरलं. फौजेच्या पुरवठा खात्यात साध्या नोकरीवर लागले आणि लढाईच्या धामधुमीत कॅप्टन झाले.

"तबला अन् रसद, एकच काम आहे गा," ते म्हणत. "गाणारा पुढं, आपण मागं. पण आपण चुकलो का त्याचं गाणं गेलं."

त्या उन्हाळ्यात पूर्वेच्या आघाडीवरच्या इस्पितळासाठी औषधांच्या बाटल्या निघायच्या होत्या. संध्याकाळच्या मालगाडीला आमचा डबा जोडायचा होता. ती चुकली तर पुढची कधी, कोणालाच ठाऊक नव्हतं. आमचे हमाल बांबूला पेटी टांगून दोघं-दोघं नेत, एक पुढं, एक मागं, गाणं म्हणत. पण नव्या गोऱ्या मेजरसाहेबांनी लेखी हुकूम काढला: गाणं बंद, सगळ्यांनी शिपायांसारखं लेफ्ट-राइट चालायचं.

सकाळपासून पेट्या आदळू लागल्या. काचा फुटल्या, डेपोतल्या रुळांच्या सायडिंगभर औषधाचा वास सुटला. मेजर ओरडून जेवायला निघून गेले. घाटोळे मात्र हमालांच्या पायांकडे टक लावून उभे होते. एकाएकी त्यांनी माझा दंड धरला.

"पाय पाहा, पाय! दोघांचा डावा एकदम पडून राहिला, म्हणून पेटी झुलून राहिली! गाण्यात पुढचा ओळ म्हणे, मागचा जबाब दे. पाय उलटे पडत, एकाचा डावा तर दुसऱ्याचा उजवा, पेटी जागच्या जागी! झिंगरूजी, लावा गाणं!"

झिंगरूजी मुकादमाने घाम पुसला. "मेजरसाहेब आमाले काढून टाकतीन ना, साहेब."

"तुमाले नाही, मले काढतीन."

"साहेब, तुमचं कमिशन, कॅप्टनकी जाईल!" मी म्हणालो.

"जाऊ दे! तिकडं माणसं मरून राहिली, अन् मी इथं लेफ्ट-राइट करू?"

रॉकेलचा रिकामा डबा पालथा घालून ते त्यावर वाजवू लागले. आधी सावकाश, मग चढती लय. "वाजवा साहेब, लाजू नका!" कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. गाणं उठलं, पेट्या सरसर निघाल्या. एकही झुलेना! मी पेन्सिल कानाला खोवून मोठमोठ्याने पेट्या मोजत होतो.

शेवटची जोडी मालगाडीच्या डब्याला लावलेल्या फळीवर चढली आणि मेजरची मोटार आत आली. हमाल गाणं सोडून मोटारीकडे पाहू लागले.

"थांबू नका!" घाटोळे गरजले. "पाय फळीवर आहेत!"

डबा वाजत राहिला. पेटी आत गेली. मगच ते उठले. "हुकूम मी मोडला," त्यांनी मेजरना सांगितलं. तेवढ्यात इंजिनाची शिट्टी झाली. मेजरनी मालगाडीच्या भरलेल्या डब्यात डोकावून पाहिलं आणि ते मोटारीत जाऊन बसले.

पुढच्याच आठवड्यात घाटोळ्यांची बदली आली: पूर्वेची आघाडी. तिथून ते परतले नाहीत. निरोपाला मी स्टेशनवर जाऊन त्यांच्या डब्यात चढलो, तेव्हा त्यांचे डोळे लग्नाला निघाल्यासारखे चमकत होते.

"साहेब, ही शिक्षा का बढती?"

"मले काय फरक पडते गा? तिकडंही ओझं आहे, अन् ओझ्याखाली माणसं आहेत. चला, उतरा खाली, गाडी सुटून राहिली!"