लॉनखाली सिमेंट निघालं

मंडळी, आज घरात वाद झाला. बावधनच्या नव्या घरापुढचं लॉन दोन जागी वाळलंय. पाणी मीच घालतो, त्यामुळे जिवाला घोर होता.

सकाळी मुलगा म्हणाला, "आबा, उपटून टाकू. प्लास्टिकचं गवत अंथरू, तुमची कटकट मिटेल."

मी खुरपं घेऊन वाळलेल्या जागीच बसलो. चार बोटं खणल्यावर दोन्हीकडं सिमेंट लागलं. घर बांधताना गवंड्यांनी तिथं सिमेंट-वाळूचा माल कालवला होता. त्यावरच माती लोटून लॉन अंथरलेलं. मुळं जाणार कुठं?

सून ओरडली, "आबा, ऊन लागेल!"

"लागू दे. ही खपली काढल्याशिवाय उठत न्हाई."

खपली काढली, माती आणि शेणखत भरलं. गवत धरेल का, ही धाकधूक आहेच. पण प्लास्टिक आणू देणार नाही.

वाळलं म्हणून लगेच उपटून टाकायचं का? तुम्हीच सांगा.