तथ्य आढळले नाही

वाहतूक पोलिसांच्या त्या चौकीत त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे त्याला ‘मीटर’ म्हणत. “मीटरला पाठवा,” “मीटर जेवायला गेलाय,” असं चालायचं. साहेबसुद्धा एकदोनदा “अहो मीटर” म्हणून गेले होते. कारण साधं होतं. गाड्यांचा आवाज मोजायचं यंत्र अख्ख्या विभागात एकच होतं आणि ते चालवायचं प्रशिक्षण घेतलेला हवालदारही एकच. बाकीच्यांनी नेमकी प्रशिक्षणाच्या दिवशी रजा टाकली होती.

यंत्र तसं गुणी होतं. गुण उधळले होते ते नियमाने. गाडी थांबवायची, मोकळ्या जागी घ्यायची, सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर यंत्र तिरकं धरायचं, चालकाला ठरल्याइतकी रेस द्यायला लावायची, आणि तेव्हा जो आकडा येईल तोच खरा. दोन मिनिटांपूर्वी जी गाडी गल्लीतल्या खिडक्या थरथरवत गेली, तो आवाज कायद्याच्या लेखी झालाच नाही. आणि असले सायलेन्सर लावणारे काही दूधखुळे नसतात. हल्ली त्यात एक झडप येते आणि तिचं बटण असतं चालकाच्या हाताशी. झडप उघडली की गाडी वाघ, मिटली की गोगलगाय. वर्दी दिसली की बटण दाबायचं आणि साळसूदपणे पुढे यायचं. बरं, हे विकताना कोणी पकडत नाही, विकत घेताना पकडत नाही, गाडीला बसवून दारात उभी केली तरी नाही. ज्या वस्तूचं काम आवाज वाढवायचं, तिला सायलेन्सर म्हणतात, आणि यात कोणाला काही खटकत नाही.

त्यामुळे एक गंमत झाली होती. मीटर जिथे उभा राही, तिथे शांतता असे. साहेब खूश असत. “तुमच्या नाक्यावर काही त्रासच नाही बघा,” असं ते बैठकीत म्हणत, आणि मीटर मूग गिळून बसे. त्रास कसा असेल? त्याची जीप चौकीतून निघाली की असल्या गाड्या उडवणाऱ्या पोरांच्या फोनवर आधी निरोप जायचा.

आणि दिव्याखाली अंधार म्हणतात ते खोटं नाही. सगळ्यात वाईट आवाज त्याच्या स्वतःच्या घराखाली होता. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खाली सिग्नल, आणि सिग्नलपुढे सरळ चढ. एक बुटकी पिवळी गाडी रोज दुपारी तिथे यायची, हिरवा दिवा लागला की अशी काही उसळायची की फडताळातल्या कपबशा वाजायच्या. चढ संपला की वळून परत. दुपारभर हाच धंदा. गाडी पिवळी म्हणून घरात त्या चालकाला पिवळ्या म्हणत.

मीटर दुपारी कामावर असे. ऐकायची ती त्याची बायको, कारण दुपार ही तिची झोपायची वेळ. ती नर्स होती, अतिदक्षता विभागात कायमची रात्रपाळी. ती तिने मागून घेतली होती. दिवसा तिथे डॉक्टरांची, नातेवाइकांची जत्रा. रात्री मात्र ते सहा बेड, ती आणि हाताखाली एक ज्युनियर नर्स. त्या कामाचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे. पण गेले काही महिने तिला सलग झोप नव्हती. कानात कापूस घातला, जाड पडदे लावले, गादी ओढत स्वयंपाकघरात नेली. आवाज कानातून येत नाही, गादीतून येतो, असं ती म्हणायची.

एका सकाळी ती घरी आली आणि बूटही न काढता खुर्चीत बसली.

“काल मी एकाचं इंजेक्शन दुसऱ्याच्या सलाइनला देत होते,” ती म्हणाली. “ज्युनियरने हात धरला म्हणून. नाही तर तो माणूस गेला असता. मी बेड चुकले, अहो. मी.”

मीटरने लग्नानंतर तिला असं कधी पाहिलं नव्हतं. “मी बघतो,” तो म्हणाला. आणि बघायचं त्याने खरोखर मनावर घेतलं.

दुसऱ्याच दिवशी यंत्र घेऊन तो जिन्यात दबा धरून बसला. पिवळ्या आला, दिवा हिरवा झाला, आणि मीटर शिट्टी मारत रस्त्यात धावला. गाडी थांबली. पिवळ्या काच खाली करून हसला. चांगल्या घरचा, अदबीने बोलणारा तरुण होता तो, आणि त्याच गोष्टीने मीटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“काय झालं, काका?”

“बटण कुठाय?”

“कसलं बटण?”

आत हात घालून शोधायचा अधिकार हवालदाराला नव्हता. मोजायचा होता. त्याने मोजलं. आकडा मर्यादेच्या आत, तोही चांगला आत.

“अजून एकदा रेस देऊ का, काका? तुमची खात्री होईपर्यंत देतो,” पिवळ्या म्हणाला.

मग मीटरने गाडीच्या तपासणीसाठी परिवहन कार्यालयाला लिहिलं. त्यांनी पिवळ्याला तारीख कळवली. त्या तारखेला पिवळ्याने गाडीला कंपनीचा सायलेन्सर लावून आणला, निरीक्षकाने गाडी उत्तम असल्याचा दाखला दिला, आणि दुपारी कपबशा पुन्हा वाजल्या. चोराला आधी कळवून चोरी पकडायचा हा प्रकार. मीटरने साहेबांपुढे हात टेकले.

“हे बघा,” साहेब म्हणाले, “पोलिसाने स्वतःच्या घरासाठी कारवाई केली तर उद्या पेपरात येईल. ज्याला त्रास होतो त्याला रीतसर तक्रार करू दे. मग आपण सोडत नाही.”

बायकोने रीतसर तक्रार केली. ती वर गेली, शिक्का घेऊन खाली आली, आणि मीटरच्याच टेबलावर पडली. दुसऱ्या कोणाला तरी द्या, माझ्या घरची आहे, असं तो म्हणाला. “दुसऱ्या कोणाला यंत्र लावता येतं का?” साहेबांनी विचारलं. ते खरंच होतं.

पाहणी नियमाप्रमाणे वर्दीत, जीप घेऊन करायची. मीटर स्वतःच्याच फाटकापुढे यंत्र धरून उभा राहिला. वर खिडकीचा पडदा ओढलेला होता. पिवळ्या आला, सिग्नलला थांबला, आणि देवळातून निघाल्यासारखा हळू चढावरून गेला. जाता जाता त्याने हात केला. पाहणीची मुदत संपली.

कागद भरताना खोटा आकडा लिहायचा मोह मीटरला झाला. नाही असं नाही. पण यंत्रात आकडे साठतात, आणि इतक्या वर्षांत त्याने एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. हात वळेना. घरी गेल्यावर तिला नीट समजावून सांगू, असं ठरवून त्याने कागद पुढे दिला. निकालाचा संदेश तक्रारदाराला आपोआप जातो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. पुढे मोबाइल. संदेशाखाली नवऱ्याचं नाव आणि हुद्दा.

“तथ्य म्हणजे काय हो?” तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“म्हणजे... मी गेलो तेव्हा आवाज नव्हता.”

“मग तसं लिहायचं. बाई खोटी नाही, मी असलो की आवाज नसतो, एवढं लिहायला काय झालं होतं?”

“तसा रकाना नसतो गं. दोनच असतात. तथ्य आढळले, नाही तर आढळले नाही.”

“आणि तुम्ही दुसऱ्यावर खूण केलीत.”

“केली.”

त्याची मान वर होईना. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला? मग त्याच्या लक्षात आलं की तिच्या निघायची वेळ टळून गेली आहे आणि तिची पिशवी खुंटीलाच आहे.

“आज ड्यूटी नाही?”

“दुपारी मेट्रनना भेटून आले. रात्रपाळी सोडली. ती सोडली म्हणजे तो विभागही सुटला. उद्यापासून सकाळ ते संध्याकाळ बाह्यरुग्ण विभागात. नंबर पुकारायचे.”

“त्या पिवळ्यासाठी?” त्याचा आवाज चढला.

“त्या बेडवरच्या माणसासाठी,” ती म्हणाली.

“थांब. निकालावर अपील करता येतं. मी उद्याच—”

“ते कोणाकडे येईल?”

ते कोणाकडे येईल हे दोघांनाही माहीत होतं.

ती उठली, खुंटीवरची पिशवी काढून फडताळात ठेवून आली. “आता दुपारी घरात कोणीच नसेल,” ती म्हणाली. “तुम्ही लिहिलंत ते आपोआपच खरं झालं.” मग तिने मोबाइल त्याच्यापुढे सरकवला. इतक्या वर्षांच्या रात्रपाळीत तिला सकाळचा गजर कधी लागलाच नव्हता. “सहाचा लावून द्या.”

त्याने सहाचा लावला. आवाज केवढा ठेवू, हे विचारायला त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं.