गव्हाचा पंचनामा

त्या दुपारी भोपाळजवळच्या मंडीदीपच्या पलीकडे गारा पडल्या. तोपर्यंत जगात गहू एकच होता आणि तो माझ्या थोरल्या दिरांचा होता.

भाऊजी जन्माने नागपूरचे, नोकरी भोपाळच्या कारखान्यात. साठीपर्यंत त्यांनी कुंडीत तुळससुद्धा लावली नव्हती. निवृत्त झाले, तीन एकर घेतले, आणि पिपलानी वसाहतीतल्या आम्हा सगळ्यांची शांतता संपली. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक ओंबी कायम असे. दातांच्या डॉक्टरांनाही त्यांनी ती दाखवली, तोंड उघडं असतानाच. लग्नाच्या पंगतीत पुरी मोडून ते हळहळत, “आचारी चांगला आहे हो बिचारा. गहू साधा.” माझा मुलगा इंजिनियर झाला तेव्हा पेढा तोंडात टाकून “छान” एवढंच म्हणाले आणि दाणा यंदा कसा भरलाय ते अर्धा तास सांगत बसले. बाहेरच्या जगाशी ते हिंदीत बोलत, शेतात शिरले की मात्र मराठीत. मी कारण विचारलं. “लेकराशी कोणी परक्या भाषेत बोलतं का?” ते शेत प्रत्यक्षात करायची रामकलीबाई, अर्ध्या वाट्याने. हा लाडिक संवाद फार लांबला की ती बांधावरून ओरडायची, “पुरे!” तिला येणारा तो एकमेव मराठी शब्द.

गारांनी कापणीला आलेला गहू झोपवला. सरकारी मदतीसाठी पटवारी पाहणीला आला, त्या दिवशी भाऊजींच्या स्कूटरवर मागे मीही गेले होते. तो लिहील तेवढीच मदत मिळणार होती, आणि तिच्यातला अर्धा वाटा रामकलीबाईचा होता. तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

“कितना नुकसान है, बाबूजी?”

“नुकसान?” भाऊजी दुखावले. “ज़रा लेटा है. उठ जाएगा.”

“दाना तो सब झड़ गया.”

“दो-चार झड़ा होगा. ये देखिए!” खिशातून आठवड्यापूर्वीची ओंबी निघाली. “ऐसा दाना शरबती गेहूँ के लिए मशहूर सीहोर वालों के पास भी नहीं मिलेगा.”

जमलेले गावकरी तोंडावर गमछे धरून हसत होते. पटवाऱ्याने खांदे उडवले आणि नुकसान किरकोळ लिहायला पेन टेकवलं. तेवढ्यात रामकलीबाई पुढे आली.

“बाबूजी, हमारी रोटी भी इसी में लेटी है.”

कोणी हसलं नाही. भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, मग शेताकडे. ओंबी परत खिशात ठेवली. आडव्या गव्हाकडे वाकून मराठीत हळूच म्हणाले, “रागावू नकोस हं, बाळा.” मग पटवाऱ्याकडे वळून, “लिखिए. कुछ नहीं बचा.”

तो लिहू लागला. भाऊजींना राहवेना.

“और ये भी लिखिए, कि था बहुत बढ़िया.”

“उसका कॉलम नहीं है, बाबूजी.”

“तो किनारे पे लिख दो, भैया!”

“पुरे!” रामकलीबाई म्हणाली. पटवारी हसला, आणि त्याने कडेला खरोखरच काहीतरी लिहिलं.

मदत आली तेव्हा भाऊजी रामकलीबाईचा वाटा स्वतः स्कूटरवरून देऊन आले. पुढच्या मोसमात ओंबी नवी होती आणि पंगतीतल्या पुऱ्या पुन्हा साध्या ठरल्या. मी वैतागायची. आता पंगतीत पुरीला कोणी नावं ठेवत नाही.

भाऊजी गेल्या पावसाळ्यात, पेरणीआधीच गेले. शेत रामकलीबाईच करते. आमचा अर्धा वाटा तिने परवा घरी पोचवला. यंदा हरभरा आहे.