पाठमोरं पाणी

झेनाइदेमावशी असाईच्या ताडावर चढायची तेव्हा पायात झावळीच्या पात्यांचा फास अडकवायची आणि बघता बघता शेंड्याशी पोचायची. घड खाली आणायची, मी काळीजांभळी फळं ओरबाडून टोपलीत टाकायचो. साहित्याची पदवी घेऊन मी गावात परतलो, तेव्हा तिनंच मला कामाला लावलं. "कविता पोटात जात नाही रे, असाई जाते," म्हणायची.

त्या दिवशी उतरल्यावर तिनं पाचोळ्यातली सुटी फळं वेचायला हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"चावलं."

काय चावलं ते मी विचारलं नाही. चावलेल्या माणसासमोर त्या जनावराचं नाव आमच्या नदीवर कुणी घेत नाही.

घरी आणलं तर तिची मुलगी लुसिवानी धावत दारापर्यंत आली आणि तिथूनच वळली. ती पोटुशी होती. गरोदर बाईची नजर पडली की विष उसळतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. ती फळीच्या भिंतीपलीकडे जाऊन बसली. मावशीनं पाण्यालाही तोंड लावलं नाही. पाण्यानं विष अंगभर पसरतं म्हणे.

इंजिनाची होडी मिळाली दुसऱ्या दिवशी. मावशीच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, थांबत नव्हतं. लघवी आधी असाईच्या रसासारखी काळपट झाली, मग होईनाच. लुसिवानी त्याच होडीत, अगदी टोकाला, आईकडे पाठ करून.

"आई, घोटभर तरी पी."

"तू पुढे बघ."

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी रक्त काचेच्या नळीत घेऊन ठेवलं. बऱ्याच वेळानं नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. विषावरची औषधं दिल्यावर ते गोठायला लागलं, पण मूत्रपिंडं बंदच.

"पाणी किती प्यायल्या होत्या?" बाईंनी विचारलं.

"नाही प्यायल्या."

 त्या हळू म्हणाल्या, "विषानं मूत्रपिंडं दुखावलीच होती. त्यात ती कोरडी पडली."

मावशीचं रक्त यंत्रातून फिरू लागलं. आणि आता लघवीच होत नाही म्हणून पाणी मोजून, चमच्यानं. मावशी मला म्हणाली, "बघ, डॉक्टरीणही माझ्याच मताची." मी हसलो. बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

व्हरांड्यात लुसिवानी, दाराकडे पाठ. तिथूनच ओरडायची, "आई, झाली का?"

"नाही. तू जेवलीस का?"

"तुला झाल्यावर जेवेन."

"मग पोराला उपाशी मारशील, बये."

हळूहळू सगळा वॉर्डच मावशीच्या लघवीची वाट बघू लागला. समोरच्या खाटेवरचा म्हातारा सकाळी डोळे उघडले की आधी तिच्या खाटेला टांगलेल्या लघवीच्या पिशवीकडे बघायचा. एके दिवशी त्यानंच पहिल्यांदा पाहिलं. तळाशी थोडंसं, पिवळसर. "झाली," तो इतक्या हळू बोलला की आधी कुणाला कळलंच नाही.

मग रोज वाढत गेली. यंत्र थांबलं. बाई म्हणाल्या, "आता पाणी भरपूर प्यायचं."

लुसिवानीनं ते बाहेरून ऐकलं. ती आत आली. उलटी चालत, पाण्याचा ग्लास पाठीमागे धरून, एका स्टुलाला धडकून. म्हातारा तिला दिशा सांगत होता, "डावीकडे, पोरी. अजून थोडी."

मावशीनं ग्लास घेतला नाही.

"वळ."

"नको ना, आई."

"रक्त गोठतंय. लघवी होतेय. आता काय उसळायचं राहिलंय? पोट केवढं झालंय ते तरी बघू दे."

लुसिवानी वळली. डोळे घट्ट मिटलेले. मावशीनं ग्लासासकट तिचा हात धरला. थोडं पाणी चादरीवर सांडलं.

"उघड," मावशी म्हणाली. "मी पिते, तू बघ."