व्याह्यापुरती भाषा

बान ची-गॉनने एकतीस वर्षं जहाजाचे पत्रे वाकवले. यंत्राने नव्हे, हाताने. एका हातात गॅसची फ्लेम, दुसऱ्या हातात पाण्याचा पाइप. पत्रा तापवायचा आणि लगेच पाणी मारायचं, की तो आपणहून आत वळतो. किती तापवायचं ते कुठे लिहिलेलं नसतं. हात बसायला दहा वर्षं लागतात. म्हणून सहासष्टाव्या वर्षी व्हिएतनामी शिकायला बसताना तीन महिने म्हणजे काहीच नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. पण होते ते तीनच. मार्चमध्ये नातीचा पहिला वाढदिवस होता आणि त्यासाठी सुनेचे वडील व्हिएतनामहून इकडे कोरियात, कोजे बेटावर येणार होते.

सून थोआ. पाच वर्षांपूर्वी ग्यू-सॉनने, त्याच्या एकुलत्या एका मुलाने, तिच्याशी तिच्या गावी जाऊन लग्न केलं. ची-गॉन लग्नाला गेला नव्हता. "आपल्याकडच्या मुली संपल्या का?" असं तो मुलाला म्हणाला होता. बायकोला मात्र त्याने कामाचं कारण दिलं. एका जहाजाच्या नाकाचा पत्रा चालू आहे, तो दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. पत्रा चालू होता हे खरं. दुसऱ्याच्या हाती देता आला असता हेही खरं. बायको माल-सुन मुलाबरोबर गेली, पाच दिवसांनी परतली आणि त्या विषयावर एक अवाक्षर बोलली नाही. दोन वर्षांनी ती वारली. आजारपणात तिचं सगळं थोआने केलं. दिवसातून दोनदा अंग पुसायची, आणि पाणी कोमट आहे का हे आधी स्वतःच्या मनगटावर बघायची. ची-गॉनने आयुष्यभर माणसं कामावरून जोखली होती. हे काम त्याने पाहिलं आणि आपण चुकलो हे त्याला कळलं.

चुकलो हे ज्याला सांगायचं तो माणूस आता घरी येणार होता. सुनेला मध्ये घालून सांगता येत नव्हतं. जिला नाकारलं तिच्याच तोंडून माफी कशी मागणार? शिवाय ती ते गोड करून सांगेल ही भीती होतीच.

"फोनला सांगा ना बाबा, तो बोलतो त्यांच्या भाषेत," ग्यू-सॉन म्हणाला. वडिलांना व्याह्यांशी गप्पा मारायच्या आहेत एवढंच त्याला माहीत होतं.

ची-गॉनने एकदा एकटं बसून फोनला सांगून पाहिलं. फोनमधली बाई ते रेल्वे स्टेशनवरच्या सूचनेसारखं बोलली. त्याने फोन पालथा घातला.

मग तो विन्हकडे गेला. विन्ह चाळिशीचा व्हिएतनामी गडी, बारा वर्षं जहाजबांधणीच्या यार्डात, त्यातली सात ची-गॉनच्या हाताखाली. पाळी सुटली की तो गेटसमोरच्या दुकानापुढच्या बाकावर बसून दूध घातलेली कॉफी प्यायचा. ची-गॉन त्याच्या शेजारी बसला आणि काम सांगितलं. विन्ह हसत सुटला.

"फोरमन, पहिल्या वर्षी मला तुमच्या भाषेतले नऊ शब्द येत होते. नऊच्या नऊ तुमच्याकडून शिकलो. त्यातल्या चार शिव्या होत्या."

"काम झालं ना?"

"झालं. म्हणून तर म्हणतो, तुम्हालाही जमेल. शिव्या मी फुकट शिकवीन."

"शिव्या नकोत. बाकीचं किती घेशील?"

"पैसे नकोत. दोन बाजूंनी वाकणारा पत्रा मला अजून जमत नाही. तेवढं सांगा."

सौदा ठरला. ची-गॉनने वही आणली. पहिल्या महिन्यात रोज दहा शब्द. एकेक शब्द शंभर वेळा म्हणायचा. त्या भाषेत आवाज वर चढतो, खाली येतो, मध्येच तुटतो. विन्ह म्हणाला, परक्याला तिथेच घाम फुटतो. ची-गॉनला तिथे विशेष त्रास झाला नाही. हातोडीच्या आवाजावरून पत्र्यातली चीर ओळखणाऱ्याचे कान होते ते. स्वयंपाकघरात तो चमच्याने पातेल्यावर ठोके देत शब्द म्हणायचा. थोआ आली की भांडी घासायला लागायचा. तिला आश्चर्य वाटलं ते भांडी घासण्याचं.

महिन्याने विन्हने परीक्षा घेतली. ची-गॉनने धडाधड म्हणून दाखवलं. हातोडा, साखळी, शिडी, खिळा, दोर, पत्रा, हातमोजे.

"आता मला विचारा, तुमचा प्रवास कसा झाला?"

ची-गॉनने वहीची पानं उलटली.

"विचारा, मुलं किती?"

त्याने आणखी पानं उलटली.

"फोरमन, तुम्ही व्याह्याशी बोलायला चाललात की त्याच्याकडून जहाज बांधून घ्यायला?" विन्हने वही ओढून घेतली. "हे सगळं काढा. वस्तूकडे बोट दाखवता येतं. 'का'कडे बोट दाखवता येत नाही. 'आधी'कडे, 'मग'कडे, 'नाही'कडे नाही दाखवता येत. ते शिका. आणि 'हे काय' हे शिका, म्हणजे बाकीचं समोरचाच शिकवील."

महिन्याची मेहनत वाया गेली. ची-गॉनला राग आला, पण पत्रा चुकीचा वाकला तर तो सरळ करून पुन्हा तापवावा लागतो, आणि राग येऊन काही तो सरळ होत नाही. त्याने दोनशेवर शब्द आडव्या रेघेने खोडले, चाळीस ठेवले. मग नव्याने मी, तुम्ही, येणे, जाणे, खाणे, काम, घर, मूल, आजारी, चांगलं, वाईट, किती, का, कधी, मग. फेब्रुवारीच्या अखेरीस एकशे पन्नास झाले. शिवाय एक वाक्य त्याने अखंड पाठ केलं. लग्नाला मी आलो नाही, माझं चुकलं. ते वाक्य त्याने किती वेळा म्हटलं याची मोजणी त्याने ठेवली नाही. बाकी सगळ्याची ठेवली होती.

"हे कोणाला सांगायचंय?" विन्हने विचारलं होतं.

"तू उच्चार बघ."

विन्हने उच्चार बघितला.

व्याही आले ते गुरुवारी. नाव खोई, वय अठ्ठावन्न, अंगाने काटक, पाय उन्हाने रापून काळे. दोन हजार बदकं पाळायचे. भाताची कापणी झाली की बदकं या शेतातून त्या शेतात चारत न्यायची, हाच धंदा. बायको बदकांपाशी राहिली होती. शुक्रवारी दुपारी ग्यू-सॉन आणि थोआ मुलीला घेऊन वाढदिवसाचा हॉल बघायला गेले. जाताना थोआने दोघांपुढे जेवण मांडलं. कोवळ्या दवण्याच्या पाल्यातलं माशाचं सूप, कच्च्या माशाचे काप, किमचीचं लोणचं, सोजू दारूची बाटली.

"बाबा, दोन तासांत येतो. काही लागलं तर फोन करा. खुणा करून भागवा तोवर," ग्यू-सॉन म्हणाला.

"जा तू," ची-गॉन म्हणाला.

दार लागलं. त्याने दोन्ही हातांनी बाटली धरून व्याह्यांचा छोटा प्याला भरला. त्यांनी त्याचा भरला.

"प्रवास," ची-गॉन त्यांच्या भाषेत म्हणाला, "कसा?"

खोईंनी मान वर केली. त्याच्याकडे बघितलं, मग दाराकडे. थोआ परत आली की काय असं त्यांना वाटलं असावं.

"दादा, तुम्हाला येतं?"

"थोडं. सावकाश बोला. बदकं किती?"

"दोन हजार."

"नावं?"

खोई मांडीवर थाप मारून हसले. पहिला ताव बरोबर बसला होता. ते बोलायला लागले, सावकाश, हातवारे करत. चारातला एक शब्द ची-गॉनला कळत होता. जिथे कळत नव्हतं तिथे तो "मग?" म्हणायचा, आणि खोई पुढे जायचे. एकट्या 'मग'ने अर्धा तास काम केलं. पावसाळ्यात पाणी आलं, मग? बदकं वाहून गेली, मग? होडी घेऊन मागे गेलो. मग? निम्मी मिळाली, निम्मी शेजाऱ्याच्या कळपात, आणि शेजारी म्हणतो माझीच.

"वाईट माणूस," ची-गॉन म्हणाला.

"नाही, नाही. मेव्हणा."

"म्हणजे वाईट माणूस."

खोईंना हसून ठसका लागला.

प्याल्याचं मात्र जमत नव्हतं. खोईंनी अर्धा प्याला पिऊन खाली ठेवला होता. ची-गॉन तो रिकामा व्हायची वाट बघत होता. रिकामा झाल्याशिवाय पाहुण्याला कोण ओतणार? तिकडे खोई एक घोट घ्यायचे, बाटलीकडे बघायचे, पुन्हा माशाकडे वळायचे. यजमानाने हात आखडता घेतलाय असं त्यांना वाटत असेल हे ची-गॉनच्या डोक्यातच आलं नाही. आपलं पाठ वाक्य कुठे घालावं ते तो शोधत होता.

शेवटी खोईंनीच बाटली उचलली. ची-गॉनचा प्याला अर्धा होता. त्यांनी तो काठोकाठ भरला.

ची-गॉनचा हात आपोआप वर गेला, पण उशिरा. अर्ध्या प्याल्यात भर घालतात ती मेलेल्यांना. वर्षश्राद्धाला, फोटोपुढे. जिवंत माणसाला नाही.

खोईंनी त्याचा चेहरा पाहिला. "दादा, काय झालं?"

"इकडे," ची-गॉनने अर्ध्या प्याल्यावर बोट ठेवलं, मग वर नेलं, "इकडे हे असं, मेलेला माणूस. त्याला."

खोईंनी बाटली निखारा हाताला लागावा तशी खाली ठेवली. "माफ करा. माफ करा, दादा. आमच्याकडे पाहुण्याचा प्याला कमी होऊ देत नाहीत."

"नाही, चांगलं." त्याने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "माल-सुन. तिला. चांगलं."

खोई फोटोकडे वळून बसले.

"वहिनी," ते म्हणाले. "आमच्याकडे आल्या. खूप हसल्या. बायकांबरोबर बसून भाजी निवडली. एक शब्द येत नव्हता." मग ते ची-गॉनकडे वळले. "दादा, पोट आता बरं?"

ची-गॉनने सुपाकडे बघितलं. "बरं. खा तुम्ही."

"आज नाही. तेव्हा. लग्नाला. वहिनींनी खुणेने सांगितलं, नवरा आजारी. पोट. अंथरुणात." खोईंनी पोट धरून वाकून दाखवलं. "म्हणून मी अंडी दिली. बदकाची, खारवलेली. आमच्याकडे आजाऱ्याला पेज, आणि पेजेबरोबर ते."

अंडी ची-गॉनला आठवली. तीस होती, राखेत घोळवलेली. माल-सुनने ती पिशवीतून काढून ओट्यावर ठेवली होती. "व्याह्यांनी दिलीत," एवढंच म्हणाली होती. तो ती दीड महिना भाताबरोबर खात होता, धडधाकट पोटाने.

आता पाठ वाक्याची गरजच उरली नव्हती. लग्नाला तो आजारी होता, हे पाच वर्षं ठरलेलं होतं, आणि ठरवणारी आता भिंतीवरच्या फोटोत होती. "हो, आता बरं," एवढं म्हटलं की झालं. त्याचे तिन्ही शब्द त्याला येत होते.

समोर प्याला काठोकाठ भरलेला होता. तिच्यासाठीच भरल्यासारखा.

"मी आजारी नाही," ची-गॉन म्हणाला.

खोईंनी पोटावरचा हात काढला.

"तेव्हा. लग्नाला. मी आजारी नाही. माल-सुन चांगली, तिने तसं सांगितलं. मी घरी. काम केलं." शब्द संपत होते. 'नको' होता, 'मुलगी' होता. "मी म्हणालो, व्हिएतनामची मुलगी नको. थोआला बघितलं नव्हतं. नको म्हणालो." मग त्याने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, चढउतारासकट. "लग्नाला मी आलो नाही. माझं चुकलं."

खाली गल्लीत मासळीवाल्याच्या गाडीचा भोंगा आला आणि गेला. ची-गॉनने मान खाली घातली नाही. काम तपासायला साहेब येतो तेव्हा कामापाशी उभं राहायचं असतं.

"आता का सांगता?" खोईंनी विचारलं.

"थोआ," ची-गॉन म्हणाला, आणि अडला. अंग पुसणं, कोमट, मनगट, यातलं काहीच त्याच्याकडे नव्हतं. त्याने फोटोकडे बोट केलं, "आजारी." उजव्या हाताने डाव्या दंडावरून फडकं फिरवल्यासारखं केलं, मनगट पुढे करून त्यावर पाण्याचा थेंब टाकल्यासारखं केलं आणि क्षणभर थांबला. "थोआ. रोज. दोनदा."

खोईंनी ते बघितलं. आपल्या मुलीची सवय त्यांना ओळखता आली असावी. त्यांनी डोळे पुसले नाहीत, नाक मात्र जोरात ओढलं.

"अंडी खाल्लीत?"

"खाल्ली. तीसच्या तीस."

"कशी होती?"

"खारट."

खोईंच्या तोंडून हसल्यासारखा आवाज आला. त्यांनी स्वतःचा अर्धा प्याला उचलला आणि एका दमात तळापर्यंत संपवला. उलटा करून दाखवला, एक थेंब पडला नाही. मग तो सरळ करून ची-गॉनसमोर ठेवला आणि वाट बघत बसले.

ची-गॉनने दोन्ही हातांनी बाटली धरली आणि ओतलं.

मुलं आली तेव्हा बाटली संपली होती आणि खोई बदकं कशी हाकतात ते उशी घेऊन दाखवत होते. ची-गॉनचा प्याला फोटोखाली ठेवलेला होता, काठोकाठ. थोआने एकदा वडिलांकडे बघितलं, एकदा सासऱ्यांकडे.

"बाबा, तुम्ही बोललात? काय बोललात?"

"बदकांबद्दल," ची-गॉन म्हणाला.

सोमवारी तो बाकावर गेला. विन्हने कॉफी पुढे केली. "काय फोरमन, किती शब्द लागले?"

"मोजले. एकसष्ट."

"म्हणजे नव्वद वाया."

"एकोणनव्वद." ची-गॉनने वही उघडून गुडघ्यावर ठेवली. "कापणीनंतर त्यांनी बोलावलंय. 'वाया' लिहून दे. आणि 'मनगट.'"