बसव्याच्या नावाचा कागद

अन्याय झाला तो बसव्यावर. गेल्या, म्हणजे १९८५च्या, मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वादहा वाजता. जागा: सोलापूर स्टेशनच्या मालधक्क्याचा चढ जिथे संपतो ती.

बसव्या हा बैल. पांढरा, खिलार, उमद्या शिंगांचा. गाडीत सुताच्या गाठी होत्या. वशिंडाच्या पुढे, जिथे जू टेकतं तिथे, तळहाताएवढी जखम होती. याला गाडीवाले ‘खांदा आला’ म्हणतात. जखमेवर हळद आणि तेल थापलेलं होतं आणि त्याच्यावर परत जू.

मी प्राणिक्लेश थांबवणाऱ्या एका संस्थेचा इन्स्पेक्टर. नोकरीला सात महिने झाले होते. खिशात मीच लिहिलेली पत्रकं होती: ‘मुक्या जनावरांच्या वतीने बोला!’ मी बोललो.

“गाडी सोडा. बैल जखमी आहे. ओव्हरलोड केलीय तुम्ही.”

गाडीवाले मल्लप्पा, वळसंगचे. वय पन्नाशीपुढे. त्यांनी शांतपणे धक्क्यावरची वजनाची चिठ्ठी पुढे केली. माल कायद्यात बसत होता.

“सायेब, वजन बगू नका, धूर बगा. गाडी धुरजड हाय.”

“म्हणजे?”

“म्हंजे माल समदा पुडं. चढावर गाडी मागं उलाळ होऊ नये म्हणून हमाल पुडं रचत्यात. चढ सपला की चार गाठी मागं सरकवाया पायजेत. न्हाय सरकवल्या तर गिरणीपतोर समदा भार ह्याच्या मानंवर.”

“मग सरकवत का नाही?”

“दोन मानसं लागत्यात की. आन धा मिंटं. तितं गिरणीच्या गेटवर सुपरवायझर घड्याळ घिऊन हुबा. उशीर झाला की दुसरी गाडी आत घेतंय.”

हे मी ऐकून सोडून दिलं. माझ्या फॉर्मवर ‘धूर’, म्हणजे गाडीची जुवाकडची पुढची बाजू, असा रकाना नव्हता. ‘ओव्हरलोड’ खोडलं, ‘जखमी जनावर जुंपणे’ वर टिक केली आणि बसव्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. मल्लप्पा मागून चालत आले. सगळा रस्ता ते माझ्याशी न बोलता बैलाशी कानडीत बोलत होते.

डॉक्टरांनी जखम धुतली, औषध लावलं, सर्टिफिकेट लिहायला घेतलं.

“कामास तात्पुरता अयोग्य. सहा आठवडे विश्रांती.”

“तात्पुरता नको,” मी म्हणालो. “कायमचा लिहा.”

“अहो, खांदा भरून येईल. बैल चांगला आहे.”

“भरला की परत जुंपतील. परत खांदा येईल. तुम्ही डॉक्टर आहात की गिरणीचे एजंट?”

मला तेव्हा असं बोलायची सवय होती. अजून आहे. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर ओळीत तीन म्हशी आणि एक घोडा उभे होते. त्यांनी ‘तात्पुरता’वर रेघ मारली, वर ‘कायमचा’ लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मी कागद मल्लप्पांच्या हातात दिला.

“आता याला जुंपलात तर थेट कोर्टात.”

“मग ह्याला काय पाटावर बशीवू?” मल्लप्पा म्हणाले.

त्या संध्याकाळी मी संस्थेच्या रिपोर्टात लिहिलं: एका बैलाची कायमची सुटका.

नवव्या दिवशी जनावरांच्या बाजारात पत्रकं वाटायला गेलो, तर बसव्या दिसला. दोर एका दलालाच्या हातात.

“हा बैल विकत घेतला तुम्ही? तो कामाचा नाही.”

“म्हायतीय की. म्हणून तर घेतला.” दलालाने खिशातून घडी केलेला कागद काढला. “चांगल्या बैलाला परवाना मिळत न्हाय, सायेब. ह्याचा कागद लई पक्का हाय. कायमचा!”

इथे वाचकांसाठी थोडं स्पष्टीकरण. आपल्याकडे कामाचा बैल कापता येत नाही. कामाला निरुपयोगी झालेला कापता येतो. तो निरुपयोगी आहे हे डॉक्टरने लिहून द्यावं लागतं. बहुतेक दलालांना त्यासाठी खटपट करावी लागते. याला ती मी करून दिली होती.

मी सायकलवर दवाखान्यात गेलो.

“शेरा बदला.”

“मालकाचा अर्ज आणा,” डॉक्टर म्हणाले. “बैल परत तपासतो. बरा असला तर बदलतो.”

“मालक आता दलाल आहे. तो कशाला अर्ज करेल?”

“मग तुम्हीच सांगा. मागच्या वेळी तुम्हीच सांगितलं होतं.”

तिथून पांजरपोळात, बसव्याला ठेवून घ्या म्हणायला. तिथले मॅनेजर सज्जन आहेत, कपाळाला गंध लावतात. त्यांनी विचारलं, “गाय आहे का?”

“बैल आहे.”

“गाय असेल तर घेऊन या.”

शेवटी वळसंगला मल्लप्पांच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली.

“मी कसायाला इकला न्हाय. दलालाला इकला,” ते म्हणाले, आणि मान दुसरीकडे वळवली. गोठ्यात जोडीचा दुसरा बैल एकटा होता. पुढची वैरण तशीच. “आट वरसं उजवीकडं चाललाय त्यो. डावीकडं त्याला कोन हाय ते बगत ऱ्हातो.”

शुक्रवारी सकाळी मी बाजाराच्या फाटकाशी उभा होतो. बसव्याला माझ्या समोरून कत्तलखान्याकडे नेलं. खांदा भरू लागला होता. बैल लंगडत नव्हता, अडत नव्हता. माणूस दोर धरून पुढे चालला की मागे चालायचं, एवढंच त्याला शिकवलेलं होतं. तो चालत गेला.

आमच्या ऑफिसात या प्रकरणाची फाइल ‘निकाली’ म्हणून बंद आहे. गिरणीचा माल वेळेवर पोचतो आहे. मी शिकलो ते इतकंच: डॉक्टर जेवढं पाहतो, तेवढंच त्याला लिहू द्यावं. आणि ज्याचा बैल आहे, त्याने धूर बघा म्हटलं, तर आधी धूर बघावी.

आता तुमचं. तुमच्या घरात सोलापुरी चादर आहे. तिचं सूत कुठल्यातरी बैलाच्या मानेवरून आलं आहे, आणि तुमचं धान्य, विटा, सरपणही तसंच येतं. गाडी दारात उभी राहिली की जुवाखाली हात घाला. हात सहज गेला नाही, तर गाडी धुरजड आहे. गाडीवाल्यावर ओरडू नका. पुढच्या वेळी माल मागवताना दुकानदाराला सांगा: दहा मिनिटं उशीर चालेल, पण चढ संपल्यावर माल मागे सरकवून आणा.

दहा मिनिटं द्या. आज सांगा.